कानामात्रा न बदलता

६ फेब्रुवारी

ती. वहिनींना,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. गुडघे हल्ली अर्ध्यावरच थांबतात, उरलेला मनाने पुरा करतो.

तुमचं पत्र पोचलं. नातीची परीक्षा आटोपली, लेकाची बदली टळली, सूनबाईंनी तुम्हाला नवा चष्मा करून दिला, सगळं कळलं. 'नव्या चष्म्याने जग स्वच्छ दिसायला लागलं आणि घर अस्वच्छ' हे तुमचं वाक्य मी बॅरिस्टरला ऐकवलं. (बॅरिस्टर म्हणजे माझी भागीदार हो. करारातल्या एका स्वल्पविरामासाठी प्रकाशकाशी तासभर भांडते, म्हणून तुम्हीच तिला हे नाव दिलंत.) ती म्हणाली, "तुमच्या वहिनी लिहीत का नाहीत?" मी म्हटलं, "लिहितात की. मला पत्रं." त्यावर ती जे हसली ते मला फारसं आवडलं नाही.

इथलं वर्तमान असं की या महिनाअखेर मी खुर्चीवरून उठतोय. कचेरी बॅरिस्टर चालवणार. पाटीवर माझं नाव वर आणि तिचं खाली. मी म्हटलं, उलट कर. तर म्हणते, "तुमच्या नावाला अजून लोक घाबरतात. उरलंय तेवढं वापरून घेते." घ्या! आयुष्यभर लेखकांची बाजू घेऊन भांडलो, त्याची ही पेन्शन.

आणि माझा सत्कार आहे. प्रकाशकांच्या संघटनेने ठरवलंय. ज्यांच्याशी जन्मभर घासाघीस केली तेच आता शाल पांघरणार, म्हणजे मी जातोय याचा आनंद किती मोठा असेल बघा. भाषणाचा विषयही त्यांनीच दिलाय, 'माझे तिखट कान'. पुस्तकाची पहिली दहा पानं ऐकून हा माणूस सांगतो, चालेल की नाही, हे याला कसं जमतं, ते सांगा म्हणाले.

आता तिथे काय सांगू? लोकांना वाटतं, मला पुस्तक वाचता येतं. खरं तुम्हाला ठाऊक आहे. मला ते फक्त ऐकता येतं.

शाळा सुटली आणि मी छापखान्यात लागलो. दादा तिथेच मुद्रितं तपासायचा. डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे छापलेला कागद, आणि दिवसभर मान इकडून तिकडे. मी तीच मुद्रितं सायकलवरून प्रकाशकांकडे पोचवायचो. आणून देणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. टेबलाला ऐकू येत नाही तसं यालाही येत नसेल, असं त्यांना वाटतं. मला यायचं. कोण कशाच्या शोधात आहे, कुणाचा कुठला लेखक रुसलाय, सगळं. इकडे छापखान्याच्या बाकावर लेखक बसलेले असायचे, त्यांचं रडगाणंही ऐकू यायचं. एक दिवस इकडचं रडगाणं तिकडच्या गरजेला नेऊन जोडलं आणि एजंट झालो. त्या काळी एजंट म्हटलं की लोक विचारायचे, "विम्याचे का?" पुस्तकांचा म्हटलं की म्हणायचे, "म्हणजे रद्दी घेता?"

पण नुसतं जोडून भागत नव्हतं. पुस्तक बरं की वाईट, हे आधी कळायला हवं ना! दिवसभर सायकल मारून आलो की कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. म्हणून तुम्ही वाचून दाखवायला लागलात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या आपल्या त्या दोन खोल्या. खालून पंपाचा फस्‌ फस्‌ आवाज. आतल्या खोलीत स्टोव्ह, स्टोव्हवर दूध, तुमच्या एका हातात चमचा, दुसऱ्यात कुणाचं तरी हस्तलिखित. मी उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून, डोळे मिटून. बाहेरच्या खोलीत दादा घरी आणलेल्या मुद्रितांवर ओणवा. पुस्तक बरं असलं की तुमचा चमचा थांबायचा. फार चांगलं असलं की दूध उतू जायचं. मग बाहेरून दादा ओरडायचा, "जळका वास आला! टिपकागदा, घे ते पुस्तक!"

टिपकागद हे नावही तुमचंच. ऐकलेलं सगळं शोषून घेतो म्हणून.

दूध उतू गेलेलं एकही पुस्तक माझ्या हातून पडलं नाही, वहिनी. धंद्यातलं माझं गुपित एवढंच. सभेत मी हेच सांगणार आहे, की कान माझा नाही, वहिनींच्या स्टोव्हचा आहे. पण तुमची बंदी आहे. 'बाहेर माझं नाव घेतलंस तर वाचणं बंद.' आता तुम्ही लेकाकडे राहायला गेलात, वाचणं तसंही बंदच झालं. तेव्हा बंदी उठवावी, ही नम्र विनंती.

आणखी एक. सहज विचारतोय.

गेल्या आठवड्यात एक हस्तलिखित आलं. टाइप केलेलं. नाव नाही, पत्त्याच्या जागी टपालपेटीचा नंबर. सोबत चिठ्ठी, 'बरं वाटलं तर ठेवावं, नाहीतर रद्दीत घालावं'. गोष्ट दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाची. जन्मभर लोकांची नावं रंगवतो, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं एकच मोठं चित्र काढत बसतो. धाकटा भाऊ चित्रं विकून देण्याच्या धंद्यात. सांगते ती त्या रंगाऱ्याची बायको. आणि काय सांगते! एका ठिकाणी ती त्याच्या नखांतला रंग काढायला रॉकेलचा बोळा घेऊन बसते, आणि नखं स्वच्छ झाल्यावर तिला तो हात परका वाटतो. बॅरिस्टर मला वाचून दाखवत होती, ती तिथे थांबली. कचेरीतल्या शेगडीवर चहा होता. तो सगळा शेगडीत गेला.

फक्त शेवटचं प्रकरण मला पटलं नाही. त्यात बाईने काय केलंय ते लिहीत बसत नाही. पण हे तिला कळवावं कसं, तेवढं सुचवा. अशा गोष्टी तुम्हाला हळुवारपणे सांगता येतात. मला पुस्तकं विकता येतात, माणसं दुखवता येत नाहीत.

चष्मा जपा. उशीखाली ठेवू नका, मागचा तसाच मोडला होता.

तुमचा,
टिपकागद


२० फेब्रुवारी

ती. वहिनींना,

नमस्कार.

पत्राची सुरुवात 'भाऊजी' अशी बघितली आणि समजलो. लग्न होऊन आलात तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, त्यामुळे एरवी सगळं अरे-तुरे. भाऊजी आणि अहो-जाहो फक्त मी मार खायच्या लायकीचा झालो की.

बंदी उठवणार नाही म्हणता. 'स्टोव्हला कान नसतात, उगाच भरल्या सभेत माझं हसं करू नका.' बरं. त्यावर मागाहून बोलू.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, 'त्या बाईचं बाड परत पाठवून द्या. म्हातारपणी माणसाने भाजी निवडावी, असले उद्योग करू नयेत. आणि शेवटच्या प्रकरणात तुम्हाला खुपलं तरी काय? जन्मभर कुणी ढुंकून बघितलं नाही ते चित्र निदान पुस्तकात मोठ्या दालनात लागलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या तुमच्या तिखट कानांना टोचल्या का?'

वहिनी, मी दालनाचं काही लिहिलं नव्हतं. टाळ्यांचंही नाही.

सापळा लावलास, असं म्हणाल. म्हणा. पण सापळ्याची मला गरज नव्हती. तुम्ही वाचताना वाक्याच्या शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबता. कप भरत आला की चहा ओतणारा हात जरा आखडतो ना, तसं. बॅरिस्टरचं वाचन म्हणजे उतारावरची सायकल. पण त्या पानांवर तिलाही त्याच त्याच जागी थांबावं लागत होतं. वाक्यंच तशी होती. पहिलं पान संपायच्या आत मला कळलं, की ही माणसं मी अख्खा जन्म ओळखतो. बोलणारी तर फारच. टाइप नातीने केलं असणार. टपालपेटीची अक्कलही तिचीच, तुमची नव्हे. तिला म्हणावं, काकाआजोबांकडून शाबासकी.

आणखी एक खूण म्हणजे अख्ख्या पुस्तकात 'पारावार' हा शब्द एकदाही नाही.

ते आठवतं का? आठवत असणारच, पण आज मला सगळं क्रमाने सांगायचंय. इतकी वर्षं मी ऐकलं, आज तुम्ही ऐकून घ्या.

माझं पहिलं पुस्तक त्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं. बाप घर सोडून जातो, त्याची गोष्ट. तुम्ही ती वाचलीत, दूध उतू गेलं, आणि मी सायकल काढून थेट हं-साहेबांकडे गेलो. हा प्रकाशक हं-शिवाय दुसरं बोलतच नसे. त्याच्या हं-चे अर्थ शिकायला मला एक उन्हाळा लागला होता. टेबलासमोर उभं राहून मी त्यांना एकच वाक्य पाठ म्हणून दाखवलं, 'बाप घर सोडून गेला. त्यानंतर आईने दाराला आतून कडी लावली नाही.' ते म्हणाले, "हं." हा चांगला हं होता. ठेवून जा, असा.

आठ-दहा दिवसांनी बोलावणं आलं. हस्तलिखित टेबलावर पसरलेलं. "ते कडीचं वाक्य कुठंय?" हं-साहेबांना एवढं लांब बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही दोघांनी सगळी पानं चाळली. कडी नाही, दार नाही, काही नाही. सायकल उलटी फिरवली. घरी येऊन विचारलं, "वहिनी, ते कडीचं कुठल्या पानावर होतं?"

तुम्ही कणीक मळत होतात. मान वर न करता म्हणालात, "ते होय? ते नव्हतंच. तिथे 'आईच्या दुःखाला पारावार उरला नाही' असं होतं. पारावार माझ्या घशात अडकतो. म्हणून मी आपलं साधं सांगितलं."

आपलं साधं!

मी तसाच कंपाउंडरकडे पळालो. त्याने वाक्य ऐकलं आणि म्हणाला, "माझंच आहे हे. लिहायचं राहून गेलं असेल." वाक्य आत गेलं, पुस्तक निघालं, आणि अजूनही लोक त्याला त्या कडीवरूनच ओळखतात.

मग मला छंदच लागला. तुमचं वाचून झालं की मी मूळ पान काढून बघायचो. तुम्ही वाचता वाचता कुठे शब्द गाळायचात, कुठे दोन वाक्यांचं एक करायचात, कुणाच्या नायिकेला उगाच रडू देत नव्हतात. मी लेखकाकडे जाऊन नुसतं म्हणायचो, "इथे असं झालं तर?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, मी तेच लिहिणार होतो. तुमची बंदी तेव्हापासूनची. 'माझं नाव काढलंस तर ते लोक माझ्यासमोर वाचू देणार नाहीत, आणि मला वाचायचंय.' म्हणून मी गप्प राहिलो आणि बाहेर माझा कान मोठा होत गेला.

आता ज्याच्याभोवती दोन पत्रं घिरट्या घालतोय ते बोलतो.

दादाने कादंबरी लिहून संपवली तेव्हा माझं बस्तान बसलं होतं. दादा भिडस्त. बांधलेलं हस्तलिखित तुमच्या हातात देत मला म्हणाला, "बाकीच्यांचं ऐकतोस तसंच ऐक. भाऊ म्हणून नको." तुमचं पुस्तक मी ऐकलं ना, त्यात ती रंगाऱ्याची बायको एका ठिकाणी म्हणते, 'ते चित्र मी नीट उजेडात धरलं असतं तर भाऊजींना विकता आलं असतं.' बॅरिस्टरने ते वाक्य वाचलं आणि मी तिला थांबवलं. उठून पाणी प्यायलो.

इतकी वर्षं तुम्ही हे बाळगून आहात? की तुम्ही चांगलं वाचलं नाहीत म्हणून दादाचं पुस्तक अडलं?

मग ऐका, मला काय ऐकू आलं होतं.

त्या वेळी तुम्ही स्वयंपाकघरात वाचायला बसलाच नाहीत. "आत उकडतंय," म्हणालात, आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलात. हवा चांगली गार होती. आणि जितके दिवस ते वाचन चाललं तितके दिवस घरात दूध तापलं नाही. सगळे कोरा चहा प्यायलो. दादाने एकदा विचारलं, "दूधवाला मेला की काय?" तुम्ही म्हणालात, "हल्ली पाणी घालतो, बंद केलंय." खाली सायकलवाल्याकडे तोच दूधवाला रोज येत होता.

मला तिथेच कळलं. जी परीक्षा घ्यायचीच तुम्ही टाळलीत, तिचा निकाल मी काय विचारणार?

आणि एक. दादाच्या कादंबरीत पारावार होता. एकदा नाही, जागोजाग होता. प्रत्येक वेळी तुम्ही तो स्वच्छ उच्चारलात. घशात अडकू दिला नाहीत. कानामात्रा न बदलता, जसंच्या तसं, शेवटच्या पानापर्यंत.

मी ती कादंबरी घेऊन सगळी दारं फिरलो, वहिनी. मनापासून फिरलो. ज्या पुस्तकात दम नाही ते मी कधी हातात धरलं नाही, हे एक सोडून. हं-साहेबांनी सगळं वाचलं, हस्तलिखित दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाले, "लिहिणारा माणूस फार सज्जन आहे रे." मला समजलं. कुठलाही प्रकाशक चांगल्या पुस्तकाच्या लेखकाला सज्जन म्हणत नाही.

ते शेवटचं दार होतं. दादा खाली रस्त्यात उभा होता, हात खिशात घालून. त्याने माझ्या हातातलं बाड बघितलं. "चल, चहा पाजतो," म्हणाला. जणू काही बातमी चांगली आहे.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. दादाने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि विचारलं, "एक सांग. वाचताना तिने कुठे काही बदललं?"

बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी, पण त्या वेळी एक खोटा शब्द वेळेवर आला नाही. म्हटलं, "नाही."

"तेच म्हणतो," दादा म्हणाला. "कंपाउंडरचं बदललं. त्या शाळामास्तरांचं तर निम्मं बदललं. अरे, मी बाहेर बसून ऐकायचो. प्रत एक आणि वाचलेलं दुसरं, हे मला कळणार नाही? माझं कामच ते. माझ्या पुस्तकात मात्र तिने एक शब्द हलवला नाही. म्हणजे एक तर ते अगदी निर्दोष असणार." मग तो हसला. दादाचं ते हसणं, खांदे हलायचे आणि आवाज यायचा नाही. "आणि मी काही इतका वेडा नाही."

मी म्हटलं, "दादा, मी अजून एक-दोन ठिकाणी..."

"राहू दे रे. तू जिना ऐकलास ना? भरलेलं भांडं घेऊन चालतात तशी वाचत होती. एक थेंब सांडू नये म्हणून. माझ्यासाठी कुणी इतकं जपून काही केलेलं मला आठवत नाही." चहा संपवला त्याने. "तिला सांगू नकोस, मला कळलं म्हणून. तिला वाटतंय, तिने लपवलं. वाटू दे."

मग उठून म्हणाला, "आता घरी जाताना दूध घेऊन जाऊ. त्या कोऱ्या चहाने जीव जायची वेळ आलीय."

म्हणून त्या दिवशी दादा दूध घेऊन आला होता. आणि तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले?" आणि तो म्हणाला, "सज्जन म्हणाले." आणि तुम्ही दूध तापत ठेवलंत.

दादाला दिलेला शब्द मी आज मोडला. बॅरिस्टर सांगते, करारात मुदत लिहिलेली नसेल तर वाजवी काळ धरायचा. दादाने मुदत घातली नव्हती. तो जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही त्याच्या पुस्तकाचं ओझं अजून वाहताय. वाजवी काळ संपला, असं मी धरतो. वर भेटलो की त्याच्याशी काय ते बघून घेईन.

आता धंद्याचं. हे दीर म्हणून नाही, एजंट म्हणून लिहितोय. शेवटचं प्रकरण खोटं आहे. बाकीच्या पानांत तुम्ही बोलताय, तिथे फक्त लिहिताय. टाळ्या ऐकू येतात, रंगारी ऐकू येत नाही. त्याला दालन देऊन तुम्ही त्याची भरपाई करताय, पण तो भरपाई मागतच नव्हता. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, जिन्याच्या पायरीवर.

टाळ्या काढा. जिना घाला. रंगाऱ्याला चित्राऐवजी कादंबरी द्यायची की नाही, तुमच्यावर सोडतो.

आणि पुस्तकावर नाव तुमचं हवं. टपालपेटीचा नंबर मी विकत नाही.

नको असेल तर तसं लिहा. बाड परत पाठवीन, पुन्हा विषय काढणार नाही. पण मग पत्राची सुरुवात भाऊजी अशीच करा, म्हणजे पहिल्याच शब्दाला कळेल आणि बाकीचं सावकाश वाचता येईल.

उत्तराची वाट बघणारा,
टिपकागद


९ मार्च

वहिनी,

नमस्कार, आज अगदी खालपर्यंत वाकून. गुडघ्यांना सांगितलं, एक दिवस सोसा.

आधी सत्काराचं. तुमचं पत्र नाही, काही नाही, आणि सत्कार येऊन ठेपला. बंदी उठलेली नव्हती, म्हणून मी ती पाळली. उभा राहिलो आणि म्हटलं, "हे तिखट कान माझे नाहीत. कुणाचे, ते सांगायची मला परवानगी नाही." लोक हसले. विनय समजले. पहिल्या रांगेत हं-साहेब होते, काठीवर हनुवटी टेकून. ते एकटे हसले नाहीत. नुसते म्हणाले, "हं."

वहिनी, तो हं मी ओळखला. कडीचं वाक्य माझं नव्हतं आणि कंपाउंडरचंही नव्हतं, कुणातरी बाईचं होतं, हे त्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं तोही गप्प! मी म्हणत होतो, धंद्यात कान फक्त मला आहे.

शाल बरी आहे. जरा टोचते.

काल कचेरीत शेवटची आवराआवर करत होतो. टपाल आलं. बॅरिस्टरने एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि काही न बोलता दार ओढून घेऊन गेली. त्या बाईला काही न बोलणं किती जड जातं, तुम्हाला माहीत आहे.

या वेळी टाइप नाही. तुमचं अक्षर. आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं पूर्ण नाव, पहिलं, शेवटचं, आणि मधोमध दादा.

मी खूप वेळ नुसता त्या तीन शब्दांकडे बघत बसलो. इतकं सावकाश मी आजवर काही वाचलं नसेल.

पाकीट उघडलेलं नाही. हातात तोलून बघितलं. आधीच्या शेवटच्या प्रकरणापेक्षा बरंच हलकं आहे. टाळ्यांना पानं जास्त लागतात, जिन्याला कमी. बॅरिस्टर वाचून दाखवते म्हणाली. मी नको म्हटलं. नवीन मालकीणबाई लगेच रागावल्या, "अहो, काम आहे हे. प्रकाशक थांबलेत." कोण थांबलेत? तर म्हणे, हं-साहेब. सत्काराहून घरी जाताना तिला कोपऱ्यात गाठून त्यांनी विचारलं होतं, "त्या बाई लिहितात का?" एका दमात चार शब्द! थांबू देत. इतकी वर्षं थांबले.

हे प्रकरण मी ऐकणार ते तुमच्या तोंडून. लेकाला सांगा, मला चार दिवस जायचंय. तो विचारेल कशाला, तर सांगा कामाला. खरंच आहे ते. सायकलचं दुकान आता राहिलं नाही, पण दोन खोल्या आहेत आणि उंबराही आहे. मी भिंतीला टेकून खाली बसेन. उठवायला बॅरिस्टरला बोलावू.

तुम्ही चष्मा लावा आणि वाचा. मध्ये काही बदलावंसं वाटलं तर बदला. वाटलं नाही तर तसंच राहू द्या. या वेळी पायरीवर जाऊन बसायचं नाही, आत बसायचं.

दूध मी तापत ठेवतो. त्याच्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही.

दाराची कडी काढून ठेवली आहे.

तुमचा, आणि आता तुमच्या परवानगीने तुमचा एजंटही,
टिपकागद